बाहेरचे जेवण, पण आपल्या मातीचे

'बाहेरचे खाऊ नका' हे वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. ताप असो, कावीळ असो, पित्त असो की मधुमेह. औषधाची चिठ्ठी लिहून झाली की हे वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडते. रुग्ण मान हलवतो आणि चिठ्ठी घेऊन निघून जातो. गेल्या हिवाळ्यात मात्र एका रुग्णाने मान हलवली नाही. त्याने उलट प्रश्न केला आणि त्या प्रश्नाने मला वरमायला लावले. आजचा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

हा माणूस हमाल. वय पन्नाशीच्या आत. कापसाचा हंगाम सुरू झाला की गाव सोडून मानवतला येतो, चौघांत मिळून एक खोली घेतो आणि चार महिने पोती-गाठी उचलतो. सात वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला खिळा लागून झालेली जखम तीन आठवडे भरत नव्हती, म्हणून तो माझ्याकडे आला. उपाशीपोटीची साखर २४० निघाली. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती १०.६ भरली. मी जखम स्वच्छ करून पट्टी बांधली, गोळीचा डोस वाढवला आणि ठरलेले वाक्य बोललो.

तो म्हणाला, "साहेब, घरचं खा म्हणता, पण इथं घर हाय कुठं? बायको-लेकरं गावाकडं. चार महिने मी बाहेरच जेवणार. तवा बाहेर काय खायचं ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. 'तेलकट-तिखट टाळा, गोड बंद करा' असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

गोळी आठला, जेवण अकराला

आठवडाभराने रात्री साडेदहाला त्याच्या सोबत्यांनी त्याला हाताला धरून दवाखान्यात आणले. अंग घामाने निथळत होते, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. साखर तपासली तर ५२! लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा थोडी साखर दिली, तेव्हा गडी शुद्धीवर आल्यासारखा बोलू लागला.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. मी सांगितल्याप्रमाणे त्याने आठ वाजता जेवणाआधीची गोळी घेतली होती. पण त्या रात्री ट्रक भरायचा राहिला होता. ट्रक भरून झाल्यावर रस्त्यावरच्या ढाब्यावर जायचे, तिथे तंदूर पेटलेला असेल तेव्हा रोटी मिळायची, म्हणजे जेवण अकराला. हा त्याचा रोजचाच क्रम होता. आणि मी त्याला 'तू किती वाजता जेवतोस?' एवढा साधा प्रश्नही विचारला नव्हता. चूक त्याची नव्हती, माझी होती.

वाचकांपैकी ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्यावर जेवण लांबले तर साखर धोकादायक खाली येते. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, जमल्यास पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, बरे वाटताच नीट जेवावे आणि डॉक्टरांना कळवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. तसाच दवाखान्यात न्यावा.

मावशींची खानावळ

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर जेवायला बाहेर पडलो. मानवतला इतकी वर्षे राहून मी कधी गावातल्या खानावळी या नजरेने पाहिल्या नव्हत्या. कल्याण-निर्मल महामार्गाच्या कडेला ढाबे वाढले आहेत. पाटीवर पनीर, काजूकरी, तंदुरी रोटी, फ्राइड राइस असे सगळे आहे. पाथरीला जा, सेलूला जा, पाटी तीच. डिसेंबर असो की मे, ताट तेच. आजूबाजूच्या शेतात हरभरा टहाळाला आलेला असतो, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात आणि ढाब्यावर आपण गोठवलेल्या मटाराची भाजी खात असतो.

शेवटी एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, एका मावशींची खानावळ सापडली. पाटी नाही. चुलीवर तवा आणि परातीत ज्वारीचे पीठ. त्या दिवशी ताटात भाकरी, चुका घातलेली दाळ, वांग्याचे भरीत, जवसाची चटणी आणि कांदा होता. हमालाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मावशे, आमच्या गावाकडच्यावाणी झालंय."

मावशींनी मात्र वेगळीच कहाणी सांगितली. त्या भाकरी बंद करण्याच्या विचारात होत्या. "गिऱ्हाईक येतं आन् पोळी हाय का, रोटी हाय का इचारतं. ज्वारी गव्हापेक्षा महाग. पीठ शिळं झालं की भाकरी थापत नाही, तुटती. रोज ताजं दळावं लागतं. थापणारी बाई मिळत नाही. म्हातारपणी किती भाकरी थापू, डॉक्टर?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या भागात आले, तशी उसाची शेती वाढली. कापूस होताच, पुढे सोयाबीन आले. हे सगळे नगदी पैसे देणारे. या ओढीत ज्वारी मागे पडली. रब्बीची मालदांडी ज्वारी आज अनेक शेतकरी फक्त घरापुरती आणि कडब्यापुरती पेरतात. पेराच कमी झाला तर खानावळीत भाकरी येणार कुठून?

ताटातला ऋतू

आपल्या पूर्वजांनी ऋतूप्रमाणे खाण्याचा विचार फार बारकाईने केला होता. चरकसंहितेत ऋतुचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. पण ग्रंथ न वाचताही आपल्या आज्या हे जाणत होत्या, कारण शेतात जे आहे तेच चुलीवर होते.

पावसाळ्यात माळावर आणि बांधावर तांदुळजा, घोळ, तरोटा, कटुर्ले उगवते. भेंडी येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण देशभर गेले, हे आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. हिवाळ्यात वांगी, मेथी, चुका, पालक, अंबाडी, हरभऱ्याची कोवळी भाजी, तुरीचे सोले आणि हरभऱ्याचा हुळा असतो. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा. उन्हाळ्यात पालेभाज्या कमी होतात, तेव्हा शेवग्याच्या शेंगा, कैरी, ताक, ज्वारीच्या कण्या, पिठले आणि वाळवणाचे सांडगे. येसराची आमटी आणि धपाटे तर बारमाही.

यात आरोग्याचे गणित काय, असे कोणी विचारील. पहिले, हंगामातली भाजी ताजी आणि स्वस्त मिळते. ताज्या भाजीत क जीवनसत्त्व टिकून असते. लांबून आलेल्या, चार दिवस पडून राहिलेल्या पालेभाजीत ते बरेच कमी झालेले असते. दुसरे, ऋतू बदलला की भाजी बदलते, त्यामुळे वर्षभरात वेगवेगळी जीवनसत्त्वे आणि क्षार आपोआप पोटात जातात. तिसरे, चटण्या. जवस, तीळ, कारळ, शेंगदाणे यांची चटणी म्हणजे केवळ तोंडीलावणे नव्हे. त्यातून चांगले स्निग्ध पदार्थ मिळतात. जवसात तर ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल भरपूर असते. मात्र एक चमचा पुरे, कारण चटणीत मीठही असते.

भाकरीचे गुण आणि भाकरीचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि जवळपास ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच मैद्यात तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमच्याही आत आणि लोह २ मिलिग्रॅमच्या आत भरते. तंतू जास्त असले की पोट लवकर भरल्यासारखे वाटते, साखर रक्तात हळूहळू चढते आणि सकाळी पोट साफ होते. २०१८ साली आपल्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. त्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेले आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले आहे. तेव्हा लोहाच्या प्रत्येक मिलिग्रॅमला मोल आहे. जेवणात लिंबू पिळले तर हे लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर त्यात अडथळा येतो.

पण येथे एक इशारा. 'भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही' हा गैरसमज मी रोज ऐकतो. मावशींकडचा पिठाचा एक गोळा मी दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिला. दीडशे ग्रॅमच्या आसपास भरला. पाणी वजा जाता त्यात पीठ साधारण ८० ग्रॅम, म्हणजे सुमारे २७० कॅलरी. अशा चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. पोती उचलणाऱ्या हमालाला दोन मोठ्या भाकरी ठीक, गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या मधुमेही व्यापाऱ्याला एक पुरे. उरलेली भूक दाळीने आणि भाजीने भागवावी. हुरड्याचेही तसेच. हुरडा म्हणजे धान्यच. शेतात गप्पांच्या नादात मूठ-मूठ करता पावशेर पोटात जातो, वर गूळ. त्या दिवशी मधुमेही माणसाने भाकरी-भाताला सुट्टी द्यावी आणि गुळाला हात लावू नये.

एक रुपयाची झुणका-भाकर

गरिबाला बाहेर पोटभर मिळावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली होती. पुढे ती योजना बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण. पंचवीस वर्षांत भाकरीची चपाती झाली, हे सहज लक्षात येते. आता २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी मानाने आली आणि गावातल्या मावशी ती बंद करायला निघाल्या!

साहेबांच्या देशात काय चालते पाहा. इंग्लंडमध्ये डार्टमूर, यॉर्कशायर या भागांत मैलोन् मैल माळराने आहेत. वारा, धुके, खुरटी झुडपे आणि मेंढ्या. जिंतूरकडच्या माळाची आठवण यावी अशी, फक्त थंड आणि ओलसर. या माळांच्या कडेच्या खेड्यांत 'पब' असतात. पब म्हणजे दारू मिळण्याचे ठिकाण खरे, पण गावाचा पार आणि खानावळही तेच. त्यांतल्या कित्येकांनी अलीकडच्या काळात आसपासचेच अन्न वाढायचे असे ठरवले. त्याच माळावर चरलेल्या मेंढीचे मटण, उन्हाळ्याच्या अखेरीस माळावर पिकणारी जांभळी बिलबेरी, १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम उघडला की ग्राउस नावाचा माळपक्षी. कोणत्या शेतातले काय, ते फळ्यावर अभिमानाने लिहितात आणि लोक दूरवरून गाड्या घेऊन जेवायला येतात. दारू घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. पण आपल्या माळावरचे अन्न लपवायचे नसते, फळ्यावर लिहायचे असते, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

येथे सावध राहा

गावरान म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नये. रानभाजी ओळखणाऱ्याच्या हातचीच खावी. पालेभाजीत धोत्र्याची पाने चुकून आली तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक आणि चुका यांचे प्रमाण बेताचे ठेवावे.

पावसाळ्यात कावीळ आणि विषमज्वर यांचा फैलाव दूषित पाण्यातून होतो. म्हणून त्या दिवसांत चिरून ठेवलेला कांदा, उघडी काकडी, बर्फ घातलेले ताक टाळावे. कांदा पूर्ण मागून घ्यावा आणि स्वतः फोडावा. गरम भाकरी, उकळती दाळ हीच खरी सुरक्षित.

काही ठिकाणी दाळ-उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकतात. त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि रक्तदाबाला वाईट असणारा सोडियम वाढतो. मीठ दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर असावे. लोणचे, पापड, ठेचा आणि वरून घेतलेले मीठ या चौघांपैकी दोघांना तरी ताटाबाहेर ठेवावे. काळे पडलेले, फेसाळणारे, पुन्हा-पुन्हा तापवलेले तेल दिसले तर भजी कितीही खमंग असोत, पुढे चालावे.

आणखी एक. वर्तमानपत्राच्या कागदावर खाद्यपदार्थ देण्यास २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, कारण छपाईची शाई तेलात उतरते. तेव्हा हे पान वाचावे, जमल्यास जपून ठेवावे, पण त्यावर भजी खाऊ नयेत!

खानावळीत विचारायचे पाच प्रश्न

१) आज शेतातून आलेली भाजी कोणती? पाटीवरची नको, ताजी सांगा.
२) भाकरी मिळेल का? आज नसेल तर उद्या कराल का?
३) तर्री वेगळी काढून देता येईल का?
४) पाणी कुठले? शंका असल्यास आपली बाटली जवळ ठेवावी.
५) जेवण नक्की किती वाजता मिळेल? औषध चालू असणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पुढे काय झाले

हमालाच्या अंगठ्याची गोष्ट अपुरी राहिली. मी त्याला परभणीला शस्त्रक्रियातज्ज्ञांकडे पाठवले. अंगठा काढावा लागेल की काय, अशी शंका होती. प्रतिजैविके आणि रोजची पट्टी चालू झाली, त्याच्या कामाच्या वेळा पाहून गोळ्या नव्याने बसवल्या. पंधरा दिवस त्याने ओझे उचलले नाही. त्या दिवसांची मजुरी बुडाली, ती कोणी भरून दिली नाही.

जेवणाचा प्रश्न त्यानेच सोडवला. खोलीतले तिघे आणि बाजारातले आणखी पाच असे मिळून नऊ जणांनी मावशींना महिन्याचे पैसे आगाऊ दिले. त्यांतल्या एकाच्या गावातून ज्वारीचे पोते आले. अट एकच : संध्याकाळी साडेसातला ताट तयार हवे. ज्याला ट्रकवर थांबावे लागेल त्याचा डबा तिथे पोचेल. भाकरी थापायला मावशींनी शेजारची एक विधवा सून हाताशी घेतली. तिलाही चार पैसे मिळू लागले.

तीन महिन्यांनी हंगाम संपताना त्याची सरासरी साखर पुन्हा तपासली. १०.६ ची ८.२ झाली होती. अजून पुरेशी नाही, पण उतरली. हे श्रेय एकट्या भाकरीचे नाही. वेळेवरची गोळी, वेळेवरचे जेवण, बंद झालेला गोड चहा आणि रात्री अकराची चुकलेली रोटी, या सर्वांचे आहे. अंगठा वाचला. नख गेले.

गावी जाण्याआधी तो भेटायला आला. मी सवयीने म्हणालो, "आता घरचं खा." तो हसून म्हणाला, "साहेब, आता बाहेरचंबी घरचंच हाय."

मानवतच्या त्या गल्लीत आता एक लहानसा फळा लागला आहे. त्यावर खडूने रोजची भाजी लिहिलेली असते. आपल्या गावातही अशी एखादी मावशी असेल. ती भाकरी बंद करण्याआधी एकदा तिच्याकडे जेवून या, आणि जेवण झाल्यावर 'उद्या काय आहे?' असे अवश्य विचारा.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील ताक, पन्हे आणि बर्फाचे पाणी)